धातूचे धड, लाकडाची मान

वाद्यांचा इतिहास लिहिणारे प्रथम वादकाकडे पाहतात. फार झाले तर वाद्य घडविणाऱ्या कारागिराकडे. मोडलेले वाद्य पुन्हा उभे करणारा हात त्या इतिहासात सहसा येत नाही. वस्तुतः आमच्या घराघरांतून जपलेले तंबोरे, सतारी, बाजाच्या पेट्या निरखून पाहिल्या, तर शंभर वर्षे टिकलेले वाद्य दुरुस्तीवाचून टिकल्याचे उदाहरण विरळाच सापडेल. प्रस्तुत लेखात आम्ही एका परक्या वाद्याच्या एकाच दुखण्याचा विचार करणार आहोत. ते वाद्य म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत जन्मलेली, धातूच्या धडाची रेझोनेटर गिटार. आणि दुखणे म्हणजे तिची मोडलेली मान. विषय दिसतो लहान. तथापि जुनी वस्तू सुधारताना काय राखावे आणि काय बदलावे, हा जो प्रश्न प्रत्येक जुन्या घरासमोर कधी ना कधी उभा राहतो, तो या मानेच्या निमित्ताने फार स्वच्छ दिसतो.

या वाद्याचा जन्म आवाजाच्या गरजेतून झाला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरले. तेथे हवाई बेटांवरील वादकांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवून वाजविली आणि त्या सुरांनी अमेरिकेला वेड लावले. पुढील दहा वर्षांत हे हवाईयन वादन नाट्यगृहांत व नाचघरांत पोचले. परंतु तेथे पितळी वाद्यांचा आणि बँजोचा गजर चाले. लाकडी गिटारीचा नाजूक आवाज त्यात बुडून जाई. विजेवर आवाज वाढविण्याची सोय गिटारीस अजून लाभली नव्हती. जॉर्ज बीचम नावाचा रंगभूमीवरील एक वादक या अडचणीवर उपाय शोधीत लॉस एंजेलिस येथील जॉन डोपिएरा या कारागिराकडे गेला.

डोपिएरा हे स्थलांतरितांपैकी एक. जन्म १८९३ चा, आज स्लोव्हाकियात मोडणाऱ्या प्रदेशात. तो भाग त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील गिरणीवाले, पण व्हायोलिन वाजविणारे आणि हाताने घडविणारेही. १९०८ साली हे कुटुंब कॅलिफोर्नियास आले. जॉनने वाद्यांची दुरुस्ती करीत, व्हायोलिन आणि बँजो घडवीत आपले दुकान चालविले. या बँजोच्या धंद्याचा गिटारीच्या मानेशी थेट संबंध आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

डोपिएरा यांनी शोधलेला उपाय असा. गिटारीच्या पोटात अॅल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवायचे. तारांचा कंप घोडीमार्फत त्या शंकूंना द्यायचा. आणि लाकडी फळीने जे काम करायचे ते त्यांच्याकडून करून घ्यायचे. ध्वनिवर्धकाच्या कर्ण्यातील पडदा जसा हवा हलवितो, तसे हे शंकू हलवितात. फक्त विजेच्या जागी तारेची शक्ती. धड जर्मन सिल्व्हरचे. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू आपल्या जुन्या घरांतील भांड्यांमुळे आम्हांस अपरिचित नाही. १९२७ साली ही गिटार बाजारात आली आणि तिच्यासाठी नॅशनल या नावाची कंपनी उभी राहिली. धातूची धडे अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या कारखान्यात ठोकून निघत. लवकरच एकाच मोठ्या शंकूची, स्वस्त घडण पुढे आली. ती कल्पना मुळात कोणाची, यावरून डोपिएरा आणि बीचम यांच्यात बिनसले. एकस्व बीचम यांच्या नावे निघाले. डोपिएरा नॅशनलमधून बाहेर पडले आणि भावांसह त्यांनी दुसरी कंपनी काढली. तिचे नाव ठेवले डोब्रो. डोपिएरा आणि बंधू यांतील आद्याक्षरे त्यात आली. शिवाय ‘डोब्रो’ या शब्दाचा त्यांच्या मायबोलीतील अर्थ ‘चांगले’. परमुलखात वीस वर्षे काढल्यावर काढलेल्या कंपनीला त्यांनी घरचा शब्द दिला, याची येथे नोंद करून पुढे जाऊ.

आता मानेकडे वळू. मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन तीनशंकू गिटारीस धडाबरोबरच घडविलेली, धातूची, पोकळ आणि चौकोनी मान असे. तिला हाताने कवटाळावे लागत नाही. तारा पडद्यांवर दाबाव्या लागत नाहीत. परंतु हातात धरून, बोटांनी तार दाबून वाजविणाऱ्यास गोल पाठीची, हाताला उबदार लागणारी लाकडाची मानच हवी. मेपल, महोगनी अशा लाकडांच्या या माना धातूच्या धडास जोडायच्या कशा, हा प्रश्न होता. लाकडी गिटारीत मानेचा पाचरीसारखा कोरलेला भाग धडातील ठोकळ्याच्या खाचेत बसवून सरसाने चिकटवितात. पातळ पत्र्याच्या धडाशी असा जोड जमत नाही. या ठिकाणी बँजोचा अनुभव कामास आला. बँजोची मान तिच्या कड्यात चिकटविलेली नसते. मानेपासून निघालेला एक लाकडी दांडा कड्याच्या आरपार जाऊन पलीकडच्या बाजूस आवळलेला असतो. नॅशनलच्या गिटारीत हीच युक्ती आहे. मानेच्या टाचेपासून एक दांडा धडाच्या पोटातून, शंकूच्या खालून, थेट शेपटाच्या टोकापर्यंत जातो आणि तेथे स्क्रूने बांधला जातो. दांडा जागेवर राहावा म्हणून त्याच्या आणि पाठीच्या पत्र्याच्या दरम्यान लाकडाचे लहान ठोकळे व पाचरी ठोकलेल्या असतात. पडद्यांच्या पट्टीचे जे टोक धडावर येते, तेही स्क्रूंनी खाली धरलेले असते आणि त्या स्क्रूंची डोकी कित्येकदा पट्टीवरील शोभेच्या टिकल्यांखाली लपविलेली असतात.

सारांश, बाहेरून जे वाद्य सगळे धातूचे दिसते, त्याच्या पोटात लाकडाचा कणा आहे. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलो वजनाइतका असतो आणि तो रात्रंदिवस या कण्यास ओढीत असतो. मानेच्या आत पोलादी सळई घालून ती बाहेरून पिळता यावी, ही सोय गिब्सन कंपनीच्या एकस्वामुळे १९२३ पासून त्या कंपनीच्या हाती होती. नॅशनलच्या मानेत तशी पिळता येणारी सळई नव्हती. त्यामुळे धड नव्वद वर्षांनंतरही शाबूत आणि मान मात्र वाकलेली, हे दृश्य या जातीच्या गिटारीत नित्याचे झाले.

मानेची दुखणी मुख्यतः तीन. पहिले, डोके मोडणे. डोके मागे कललेले असते आणि मानेसह एकाच लाकडातून कापलेले असते. त्यामुळे त्या वळणाशी लाकडाचे तंतू आखूड पडतात. त्यात अनेक नमुन्यांच्या डोक्यास खुंट्यांसाठी दोन लांब खाचा पाडलेल्या, म्हणजे लाकूड आणखी कमी. धातूचे जड धड पेटीसकट जमिनीवर आदळले की धडास पोचा पडतो, पण भेग जाते ती या वळणाशी. दुसरे दुखणे, मानेस बाक येणे. तारांच्या ओढीने ती धनुष्यासारखी पुढे झुकते. तिसरे दुखणे दिसत नाही: पोटातील ठोकळे सुकून आक्रसतात, पाचरी सैल होतात, क्वचित दांड्यासच चीर जाते. मग मान सरळ असूनही तिचा कोन बिघडतो, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि वाजविणाऱ्याची बोटे सोलून निघतात.

दुसरे आणि तिसरे दुखणे वादकास सारखेच जाणवते, म्हणून निदानात गल्लत होते. जाणता कारागीर प्रथम एक सरळ पोलादी पट्टी पडद्यांवर ठेवून पाहतो. पट्टीखाली मध्यभागी फट दिसली तर मानेस बाक आहे. पट्टी सर्व पडद्यांवर नीट टेकली, पण तिचे टोक घोडीच्या माथ्यापेक्षा फार खाली रोखलेले दिसले, तर मान सरळ असून कोन बिघडला आहे. पहिल्या प्रसंगी पडदे काढून पट्टी रंध्याने समतल करतात. किंवा किंचित जाड मुळांचे पडदे खाचांत ठोकून, त्यांच्या दाबानेच मान मागे सरळ करतात. दुसऱ्या प्रसंगी मानेस हात लावण्याचे कारणच नसते. वरची जाळीदार तबकडी उघडायची, शंकू अलगद बाहेर काढायचा, शेपटाचा आणि पट्टीवरील स्क्रू सैल करायचे, आणि ठोकळ्यांशी योग्य जाडीच्या पाचरी देऊन दांडा पुन्हा जागेवर आणायचा. लाकडी गिटारीत याच कामासाठी वाफ सोडून सरसाचा जोड उकलावा लागतो. येथे जोड चिकटविलेला नसल्याने सगळे काम उघडता येते आणि पुन्हा मिटता येते. बँजोकडून घेतलेल्या युक्तीचा हा लाभ दुरुस्तीकारास झाला.

डोके मोडले असेल तर काम अधिक जोखमीचे. भेग नवी, स्वच्छ आणि लांब तिरकस असेल, तर दोन्ही भाग आधी कोरडेच जुळवून पाहतात. मग सरस भेगेच्या मुळापर्यंत पोचवून शिकंज्याने आवळतात. भेग आखूड असेल किंवा कोणी पूर्वीच तेथे भलतेच चिकटद्रव्य भरून ठेवले असेल, तर भेगेच्या आरपार खाचा घेऊन त्यात सरळ तंतूंच्या लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात. येथे कोणता चिकटा वापरला याला महत्त्व आहे. जनावराच्या कातड्याहाडांपासून केलेला जुना सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिरास ते काम पुन्हा उकलता येते. इपॉक्सी एकदा भरले की पुढच्या हातासाठी दार जवळजवळ बंद होते. पुढे कोणीतरी आपले काम तपासणार आहे, हे गृहीत धरून जो काम करतो, त्यालाच आम्ही चांगला दुरुस्तीकार म्हणू.

मानेच्या कामाची खरी परीक्षा मात्र मानेवर होत नाही. ती शंकूवर होते. मान फार पुढे झुकलेली ठेवली, तर तारा खाली आणण्यासाठी घोडी झिजवावी लागते. मग घोडीवरून शेपटाकडे उतरणाऱ्या तारांचा कोन कमी होतो, शंकूवर पुरेसा दाब पडत नाही आणि वाद्य फरफरते. मान फार मागे कलविली, तर घोडी उंच करावी लागते, दाब वाढतो आणि कागदासारखा पातळ शंकू हळूहळू खचतो. शिवाय घोडी शंकूच्या मध्याशी जखडलेली, आणि शंकू धडातील आपल्या वर्तुळात बसलेला. लाकडी गिटार नव्याने जुळविताना घोडीची जागा बदलता येते. येथे ती जवळजवळ अचल असते. म्हणून मान परत बसविताना ती थोडी जरी पुढेमागे झाली, तर बाराव्या पडद्यावरचा वरचा षड्ज बेसूर बोलतो. एका टोकाची दुरुस्ती दुसऱ्या टोकाकडे पाहूनच करावी लागते.

आता या कामास महत्त्व कसे आले ते पाहू. १९३० साली नॅशनलने ड्युओलियन ही पोलादी धडाची गिटार काढली. तिची किंमत साडेबत्तीस डॉलर. महागड्या तीनशंकू गिटारीच्या मानाने ही गरिबाची गिटार. रस्त्याच्या कडेला, गोंगाटाच्या गुत्त्यात एकट्याने गाणाऱ्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायकांना असेच वाद्य हवे होते. टॅम्पा रेड, बुका व्हाइट, सन हाउस या नावांशी नॅशनलचा आवाज कायमचा जोडला गेला. पण ज्या बीचम यांनी मोठ्या आवाजाची मागणी केली, त्यांनीच रिकनबॅकर यांच्यासह १९३१-३२ मध्ये विजेची गिटार पुढे आणली आणि शंकूच्या गिटारीची गरज संपविण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि धातूच्या धडांचे उत्पादन थांबले. पुढची वीस वर्षे ही वाद्ये माळ्यांवर आणि गहाणाच्या दुकानांत पडून राहिली. १९६३ साली बुका व्हाइट आणि १९६४ साली सन हाउस या विस्मृतीत गेलेल्या गायकांचा तरुण रसिकांनी शोध लावला. त्यांच्या मागोमाग त्यांच्या वाद्यांचाही शोध सुरू झाला. आणि माळ्यावरून खाली आलेल्या बहुतेक गिटारींची पहिली गरज मानेची दुरुस्ती हीच असणार हे उघड होते.

या टप्प्यावर एक सोपा मार्ग समोर येतो. जुनी मान काढून टाकावी आणि आत सळई असलेली, न वाकणारी नवी मान बसवावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ही जुनी घडण नव्याने करणारी कंपनी निघाल्यापासून अशा मानेचे ज्ञान आणि साहित्य दुर्मिळ राहिलेले नाही. आवाज धडात आणि शंकूत आहे, मानेत काय ठेवले आहे, असा युक्तिवाद केला जातो. वादकाच्या बाजूने पाहता त्यात तथ्य आहे. वाद्य वाजण्यासाठी असते. वाकड्या मानेची गिटार भिंतीवर शोभेस टांगून ठेवणे म्हणजे ती राखणे नव्हे.

तथापि आमच्या मते या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. लाकडी मानेच्या नॅशनल गिटारींचा अनुक्रमांक सामान्यतः डोक्यावर ठोकलेला असतो. गिटार कोणत्या वर्षी घडली, हे मुख्यतः त्या क्रमांकावरून ठरवितात. कंपनीचे नाव डोक्यावरच. वाजविणाऱ्याच्या अंगठ्याने मानेची पाठ जेथे झिजविली, बोटांनी पट्टीत जेथे खळगे पाडले, ते सारे मानेवरच. धड साच्यातून ठोकून काढलेले, एकासारखे एक. म्हणजे हे वाद्य कोणाचे, केव्हाचे आणि कोणाच्या हातचे, याची साक्ष देणारा भाग नेमका तोच, जो सर्वांत आधी मोडतो आणि सर्वांत सहज फेकला जातो. मान बदललेली गिटार तितकीच मोठ्याने बोलेल, कदाचित अधिक सुरेल बोलेल. पण तिला स्वतःचे नाव सांगता येणार नाही.

यावर तोडगा नाही असे नाही. पाचरीने भागत असेल तेथे रंधा उचलू नये. रंध्याने भागत असेल तेथे करवत उचलू नये. डोके मोडले असेल तर तेच डोके जोडावे, जोड दिसला तरी चालेल. आणि मान बदलणे अगदीच अटळ झाले, तर जुनी मान वाद्याच्या पेटीत, केव्हा व का बदलली याच्या चिठ्ठीसह ठेवावी. मान स्क्रूंनी व पाचरींनी धरलेली असल्याने ती पुन्हा बसविण्याचा मार्ग मोकळा राहतो.

या वाद्याचा आपल्या भूमीशी संबंध अगदीच नाही असेही नाही. हवाईयन वादक ताऊ मो आपल्या कुटुंबासह आशियात हिंडत असता १९४० च्या दशकात बरीच वर्षे कलकत्त्यास राहिले. आडव्या गिटारीचे वादन त्या शहरात रुजले, आकाशवाणीवर आले, चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांतून घराघरांत पोचले. पुढे जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी लाकडी गिटारीवर तीच आडवी बैठक ठेवून रागसंगीत मांडले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये निघालेली त्यांची ध्वनिमुद्रिका अनेकांच्या संग्रही असेल. दुरुस्तीची वृत्तीही आपणांस नवी नाही. मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम मागे पडल्यावर तंबोरे-सतारी घडविण्यास घेतले. धातूवर बसलेला हात लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळला. भेगाळलेला भोपळा किंवा निखळलेली दांडी घेऊन बेळगाव-धारवाडकडील गवई मिरजेची वाट धरीत, ती वाद्य बदलण्यासाठी नव्हे. गळ्याला जुळलेला तोच तंबोरा त्यांना परत हवा असे.

जॉन डोपिएरा १९८८ साली वारले. त्यांच्या मायदेशी, स्लोव्हाकियातील त्र्नावा या गावी, १९९२ पासून त्यांच्या वाद्याच्या नावाने संगीतोत्सव भरू लागला. घरून नेलेला एक शब्द अमेरिकेत गिटारीच्या डोक्यावर चढला आणि ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी घरी परतला. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी मुलूख सोडून इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास स्थिरावलेल्या घराण्यांस यातील मर्म निराळे सांगावयास नको. आपल्याही घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात, माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात मोडके काही पडलेले असते. ते सुधारावयास द्यावे, जरूर द्यावे. देण्यापूर्वी त्यावर कोणाचे नाव, कोणता आकडा, कोणाच्या बोटांची झीज आहे हे उजेडात धरून पाहावे. आणि काढलेला तुकडा कारागिराकडून परत मागून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.